मेमरी वाढवली असती तर: पतसंस्थांच्या क्लस्टरवरचं एक प्रकरण

बाणेरमध्ये ऑफिस असलेली एक कंपनी सहकारी पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर चालवते. ठेवी, कर्जं, पिग्मी, सभासदांचे शेअर्स, मार्चअखेरचा ताळेबंद, सगळं त्यातच. गिऱ्हाईक सातारा, सांगली, नगर, बारामती, भोर या पट्ट्यातलं. संस्था सुमारे दोनशे. प्रत्येक संस्थेचा डेटाबेस स्वतंत्र हवा ही अट पहिल्या दिवसापासूनची, कारण एका संस्थेच्या दप्तरात दुसरीचं पान दिसलं तर ऑडिटर दारात उभं करणार नाही. ज्या टीमचं हे प्रकरण आहे ती माझ्या शेजारच्या टेबलांवर बसते. मी त्यात नव्हतो, म्हणूनच आढावा लिहायचं काम माझ्याकडे आलं. कंपनीचं आणि माणसांचं नाव इथे घेत नाही.

कंट्रोलर का लिहिला

सगळं कुबरनेटिसवर चालतं, म्हणजे अनेक सर्व्हरच्या समूहावर (क्लस्टरवर) सॉफ्टवेअर चालवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या यंत्रणेवर. आधी एक शेल स्क्रिप्ट होती. नवी संस्था आली की कुणीतरी ती चालवायची: नेमस्पेस (क्लस्टरमधला त्या संस्थेचा वेगळा कप्पा), पोस्टग्रेस या डेटाबेस सर्व्हरमध्ये डेटाबेस आणि रोल (लॉगिनचं खातं), पासवर्ड ठेवायचं सीक्रेट, बाहेरून येण्याची वाट म्हणजे इन्ग्रेस, रात्रीच्या बॅकअपचा क्रॉनजॉब (ठरल्या वेळी चालणारं काम). अडचण सुरुवात करण्यात नव्हती, मध्येच तुटण्यात होती. स्क्रिप्ट चौथ्या पायरीवर पडली की पुढचं हाताने, आणि हाताने केलेलं कुठे लिहिलेलं नाही. वर्षभरात दोनशे संस्थांपैकी कुठल्या दोन सारख्या आहेत हे सांगणं अवघड झालं.

अशा कामासाठी कुबरनेटिसमध्ये स्वतःचा रिसोर्स, म्हणजे क्लस्टरमधल्या नोंदीचा स्वतःचा प्रकार, बनवायची सोय २०१७ पासून आहे. १.७ आवृत्तीत सीआरडी (कस्टम रिसोर्स डेफिनिशन, म्हणजे अशा नव्या प्रकाराची व्याख्या) आली. त्याच्या आदल्या वर्षी कोअरओएसने 'ऑपरेटर' ही कल्पना मांडली होती: एखादी यंत्रणा सांभाळणाऱ्या अनुभवी माणसाचं ज्ञान कोडमध्ये घालायचं आणि तो कोड क्लस्टरमध्येच सतत चालू ठेवायचा. टीमने गो भाषेत, कुबबिल्डर हे कंट्रोलर लिहायचं साधन वापरून, 'टेनंट' नावाचा रिसोर्स (एक टेनंट म्हणजे एक संस्था) आणि त्याचा कंट्रोलर, म्हणजे असा सतत चालणारा कोड, लिहिला. टेनंट क्लस्टर पातळीवरचा ठेवला. ते भागच होतं, कारण नेमस्पेस क्लस्टर पातळीवरची गोष्ट आहे आणि तिचा मालक एखाद्या नेमस्पेसच्या आत राहणारा रिसोर्स असू शकत नाही.

कंट्रोलर स्क्रिप्टसारखा 'हे कर, मग ते कर' असा चालत नाही. गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट जसा पाणी कुणी वापरलं हे विचारत नाही, पातळी खाली गेली एवढंच बघतो, तसं याचं आहे. हवं ते काय आणि आहे ते काय, याची तुलना करायची, फरक दिसला तर भरून काढायचा आणि पुन्हा बघायचं. त्यामुळे अर्ध्यावर पडलेलं काम पुढच्या फेरीत पुरं होतं. पहिले काही महिने टीम खूश होती, आणि खूश असायला कारण होतं. नवी संस्था म्हणजे दहा-बारा ओळींचं यामल (रिसोर्सचं वर्णन लिहायची मजकूर फाइल) एवढंच काम उरलं होतं.

पुढच्या गोष्टीत दोन यंत्रणा महत्त्वाच्या आहेत. एक फायनलायझर. रिसोर्स डिलीट करायला सांगितला आणि त्यावर फायनलायझर असला, तर एपीआय सर्व्हर (क्लस्टरमधल्या सगळ्या नोंदी ज्याच्यामार्फत होतात तो) तो लगेच काढत नाही. त्यावर डिलीशन टाइमस्टँप टाकतो आणि थांबतो. कंट्रोलरने आपली साफसफाई करून फायनलायझरचं नाव यादीतून काढलं की मगच तो जातो. क्लस्टरबाहेरच्या गोष्टींसाठी हे लागतंच, पोस्टग्रेसमधला डेटाबेस कुबरनेटिसला ठाऊकही नसतो. दुसरी ओनर रेफरन्स. नेमस्पेसवर 'माझा मालक अमुक टेनंट' असं लिहिलेलं असलं, की मालक गेल्यावर गार्बेज कलेक्टर (कुबरनेटिसचा सफाई करणारा भाग) नेमस्पेसही काढतो, आतल्या सगळ्या गोष्टींसकट.

टीमच्या फायनलायझरमध्ये तीन कामं होती: डेटाबेस ड्रॉप करणं, रोल ड्रॉप करणं, बॅकअपचं फोल्डर पुसणं. पोस्टग्रेस चालू कनेक्शन असताना डेटाबेस ड्रॉप करू देत नाही. पण २०२० च्या तेराव्या आवृत्तीपासून 'फोर्स' असा पर्याय आहे, तो कनेक्शनं तोडून ड्रॉप करतो. डेमोच्या टेनंटसाठी हे सोयीचं म्हणून कोडमध्ये तोच होता. बॅकअप पुसण्यामागेही कारण होतं: संस्था सोडून गेली की तिच्या सभासदांची माहिती आपल्याकडे उरू नये. एकेक निर्णय सुटा पाहिला तर कुठेच वेडेपणा नाही.

मार्चचा शेवटचा आठवडा

संध्याकाळी सपोर्टकडून निरोप आला: नवी संस्था पुढे सरकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं उद्घाटन, चेअरमन नारळ फोडणार, पहिली पावती छापायची होती. टीमने पाहिलं तर कंट्रोलरचा पॉड (कुबरनेटिसमध्ये चालणारा प्रोग्राम) क्रॅशलूपमध्ये होता, उठायचा आणि पुन्हा पडायचा. एक्झिट कोड १३७, ओओएम किल्ड, म्हणजे मेमरीच्या मर्यादेबाहेर गेला म्हणून मारला गेला. मर्यादा १२८ एमबी होती, कुबबिल्डर सुरुवातीला देतो तीच, कुणी बदललेली नव्हती.

बाकीच्या सगळ्या संस्था मात्र व्यवस्थित चालू होत्या. कंट्रोलर बंद पडला म्हणजे ॲप बंद पडत नाही. नवे बदल फक्त अडतात. या संध्याकाळी खरं तर एका संस्थेपुरतीच घाई होती, आणि ते यामलमधलं काम हातानेही झालं असतं. पण पॉड लाल दिसला की तो हिरवा करायचा, ही सवय मोठी वाईट.

शिफ्टवर असलेल्याला वाटलं, आदल्या दिवशीच्या अपग्रेडमध्ये काहीतरी अर्धवट राहिलं असेल. त्याने हेल्मने (कुबरनेटिसवर सॉफ्टवेअर बसवायचं साधन) कंट्रोलर अनइन्स्टॉल केला आणि लगेच पुन्हा इन्स्टॉल केला. दोन्ही कमांड बिनतक्रार पार पडल्या. पॉड पुन्हा उठला, पुन्हा मेला.

कंट्रोलरच्या चार्टमध्ये, म्हणजे हेल्मच्या पॅकेजमध्ये, टेनंटची सीआरडी टेम्पलेट्सच्या फोल्डरात ठेवलेली होती. हेल्म तीनमध्ये सीआरडीसाठी वेगळं फोल्डर आहे. त्यातली सीआरडी हेल्म इन्स्टॉल करतो, पण अपग्रेड करत नाही आणि काढतही नाही. अपग्रेड होत नाही म्हणूनच टीमने ती टेम्पलेट्समध्ये हलवली होती. असं पुष्कळ लोक करतात. पण टेम्पलेट्समधली सीआरडी हेल्मच्या लेखी इतर कुठल्याही वस्तूसारखीच, अनइन्स्टॉलमध्ये तीही डिलीट होते. आणि सीआरडी डिलीट होताना त्या प्रकारचे सगळे रिसोर्स डिलीट होतात. दोनशेच्या दोनशे टेनंट.

फायनलायझर होते म्हणून एकही टेनंट प्रत्यक्ष गेला नाही. प्रत्येकावर डिलीशन टाइमस्टँप बसला आणि सगळे कंट्रोलरची वाट पाहत थांबले. सीआरडीही आपल्या फायनलायझरमुळे टर्मिनेटिंग अवस्थेत थांबली. नव्या इन्स्टॉलला ती जुनी सीआरडी आपल्याच रिलीजची (हेल्मने बसवलेल्या संचाची) म्हणून सापडली, हेल्मने ती तशीच ठेवली आणि पुढे गेला.

आता कंट्रोलर नीट सुरू झाला असता तर काय झालं असतं? सुरू होताच तो सगळे टेनंट यादीने वाचतो आणि रांगेत घालतो. प्रत्येकावर टाइमस्टँप आहे, म्हणजे साफसफाईची वाट. रिकन्साइल, म्हणजे तुलना करून फरक भरून काढायची फेरी, एका वेळी एकच चालतं, ते कंट्रोलर रनटाइमचं (कुबबिल्डर वापरतो त्या लायब्ररीचं) मूळ सेटिंग आहे. पण डेटाबेस ड्रॉप व्हायला कितीसा वेळ लागतो? चहा संपायच्या आत निम्म्या संस्था गेल्या असत्या. बॅकअपसकट.

टीमच्या चॅनेलवर त्या वेळी चाललेलं बोलणं असं:

"मेमरी वाढवते. पाचशे बारा करू का?"

"कर."

"थांब, एक मिनिट. नवीन संस्थेचं यामल बघत होते. याला डिलीशन टाइमस्टँप आहे."

"त्या एकालाच?"

"नाही रे, दुसऱ्या दोन बघितल्या, त्यांनाही आहे."

हे तिला दिसलं ते केवळ तिने पूर्ण यामल उघडलं म्हणून. कुबसीटीएल या कुबरनेटिसच्या कमांडने पॉडची यादी मागितली तर जाणाऱ्या पॉडपुढे 'टर्मिनेटिंग' लिहून येतं. कस्टम रिसोर्सच्या यादीत तसं काही येत नाही, सीआरडीमध्ये जे कॉलम सांगितलेत तेवढेच दिसतात. टेनंटच्या यादीत दोनशे ओळींपुढे 'रेडी' होतं. टाइमस्टँपवरची वेळ १२:५२ होती, म्हणून लीडला आधी वाटलं की दुपारी कुणीतरी काहीतरी केलंय. मग शेवटचा झेड दिसला, म्हणजे वेळ भारतीय नाही, यूटीसीतली. यूटीसीमध्ये साडेपाच तास मिळवले तर ६:२२, अनइन्स्टॉलची नेमकी वेळ.

पुढचा मेसेज एकच होता: कंट्रोलर शून्यावर न्या (एकही पॉड चालू ठेवू नका), मेमरीला कुणी हात लावू नका.

मेमरी कशाने भरली

ही जागा जरा खोलात बघण्यासारखी आहे, कारण ज्या चुकीने कंट्रोलर पाडला त्याच चुकीने डेटा वाचवला.

डेटाबेस तयार करायला किंवा ड्रॉप करायला पोस्टग्रेसचा ॲडमिन पासवर्ड लागतो. तो एका सीक्रेटमध्ये आहे. कोडमध्ये साधं 'गेट' आहे: या नेमस्पेसमधलं हे सीक्रेट दे. पण कंट्रोलर रनटाइमचा नेहमीचा क्लायंट वाचायला एपीआय सर्व्हरकडे जात नाही, स्वतःच्या कॅशेतून, म्हणजे मेमरीत ठेवलेल्या प्रतीतून, वाचतो. त्या प्रकाराची कॅशे अजून नसली तर तिथल्या तिथे इन्फॉर्मर (यादी आणून ती ताजी ठेवणारा भाग) सुरू करतो, आणि वेगळं काही सांगितलेलं नसेल तर तो इन्फॉर्मर अख्ख्या क्लस्टरमधली सगळी सीक्रेट्स आणून मेमरीत ठेवतो. मागितलं एक, आली हजारो.

एवढी सीक्रेट्स आली कुठून? प्रत्येक संस्थेचं ॲप तिच्या नेमस्पेसमध्ये हेल्मने टाकलेलं होतं. हेल्म प्रत्येक रिलीजची पूर्ण नोंद, चार्ट आणि मॅनिफेस्टसकट, सीक्रेटमध्येच साठवतो आणि शेवटच्या दहा आवृत्त्या ठेवतो. दोनशे संस्था, दहा-दहा आवृत्त्या, म्हणजे दोन हजार सीक्रेट्स. एक सरासरी पन्नास केबीचं धरलं तरी शंभर एमबी नुसती ती. वर्षाच्या सुरुवातीला बहुतेक संस्थांच्या तीन-चार आवृत्त्याच होत्या. मार्चअखेरच्या व्याज आणि तरतुदींच्या बदलांसाठी जानेवारीपासून एकामागून एक रिलीज गेले, इतिहास दहावर पोचला आणि मर्यादा ओलांडली. कंट्रोलरच्या कोडमध्ये त्या काळात एक ओळही बदललेली नव्हती. म्हणूनच सगळ्यांची नजर आदल्या दिवशीच्या अपग्रेडवर गेली.

याचा इशारा गिटच्या इतिहासात सापडला. जुन्या एका कमिटमध्ये कंट्रोलरला सीक्रेट्सवर 'लिस्ट' आणि 'वॉच' या परवानग्या क्लस्टरभर दिलेल्या दिसतात. कमिटचा मेसेज 'परवानगीची एरर दुरुस्त' एवढाच. कोड फक्त गेट करतोय, मग लिस्टची परवानगी कशाला लागते, हा प्रश्न त्या रिव्ह्यूत कुणी विचारला नाही. माझं मत विचाराल तर कंट्रोलरच्या कोडपेक्षा त्याच्या परवानग्यांची फाइल आधी वाचावी. तो खरोखर काय करतो ते तिथे जास्त खरं कळतं.

आता साफसफाईची वाट पुन्हा पाहा. टेनंटवर टाइमस्टँप दिसला, डेटाबेस ड्रॉप करायचा, त्यासाठी ॲडमिन पासवर्ड हवा, म्हणून गेट, म्हणून इन्फॉर्मर, म्हणून मेमरी फुल, म्हणून मरण. ड्रॉपच्या ओळीपर्यंत कंट्रोलर एकदाही पोचला नाही.

बाहेर कसे पडले

डिलीशन टाइमस्टँप एकदा बसला की काढता येत नाही. एपीआय सर्व्हर तो बदलूच देत नाही. म्हणजे हे दोनशे टेनंट जाणार हे ठरलेलंच. त्यांच्याबरोबर काय जाणार नाही, एवढंच हातात होतं.

कंट्रोलर शून्यावर नेल्यावर आधी सगळ्या डेटाबेसचे ताजे डम्प (पूर्ण प्रती) घेतले, आणि ते अशा खात्यात ठेवले जिथे कंट्रोलरच्या क्रेडेन्शियलला प्रवेश नाही. मग सगळ्या टेनंटचं यामल, स्टेटससकट (कंट्रोलरने नोंदवलेल्या सद्यस्थितीसकट), फाइलीत उतरवलं. केवायसीची स्कॅन केलेली कागदपत्रं ज्या व्हॉल्यूमवर होती त्यांची रिक्लेम पॉलिसी (वापर संपल्यावर डिस्कचं काय करायचं ते) 'डिलीट'वरून 'रिटेन' (राखून ठेव) केली.

त्यानंतरची पायरी सगळ्यात नाजूक. नुसते फायनलायझर हाताने काढले असते तर टेनंट निमूट गेले असते, पोस्टग्रेसही वाचलं असतं, पण लगेच मागून गार्बेज कलेक्टर आला असता आणि दोनशे नेमस्पेस घेऊन गेला असता, चालू ॲपसकट. म्हणून आधी प्रत्येक नेमस्पेसवरचा ओनर रेफरन्स काढला. डेमोच्या एका टेनंटवर तालीम केली: रेफरन्स काढला, फायनलायझर काढला, टेनंट गेला. नेमस्पेस राहतंय का हे बघत सगळे बसून राहिले. राहिलं. मग उरलेल्यांवर तेच. शेवटचा टेनंट गेल्यावर अडकलेली सीआरडी आपोआप गेली. तोवर नवी नोंद करणंही शक्य नव्हतं, टर्मिनेटिंग सीआरडीखाली एपीआय सर्व्हर नवा रिसोर्स घेत नाही.

नव्या संस्थेचं काय? तिचं नेमस्पेस आणि डेटाबेस एकाने जुन्या शेल स्क्रिप्टने रात्रीच उभं केलं. सकाळी पावती छापली गेली.

टेनंट परत आणायच्या आधी मात्र अजून एक खड्डा सापडला, आणि तो बघायचं सुचलं याचं श्रेय टीमला द्यायला हवं. स्टेटस वेगळा सबरिसोर्स (स्वतंत्रपणे लिहिला जाणारा भाग) असल्यामुळे फाइलीतून यामल लावताना स्टेटस परत येत नाही, प्रत्येक टेनंट कोरा येतो. आणि कंट्रोलर डेटाबेस आहे की नाही हे पोस्टग्रेसला विचारत नव्हता, स्टेटसमधल्या एका खुणेवरून ठरवत होता. खूण नाही म्हणजे संस्था नवी. संस्था नवी म्हणजे नवा पासवर्ड बनव, रोलवर बसव, मग डेटाबेस तयार कर. पोस्टग्रेसमध्ये 'नसेल तर डेटाबेस बनव' अशी कमांड नाही, त्यामुळे तिसरी पायरी 'आधीच आहे' म्हणून अपयशी ठरली असती. पण पासवर्ड त्याआधीच बदललेला. मार्चअखेरीस दोनशे संस्थांचं लॉगिन एका झटक्यात बंद.

स्टेटस ही निरीक्षणाची नोंद असायला हवी. पूर्ण पुसला तरी जग बघून परत लिहिता आला पाहिजे, कुबरनेटिसच्या एपीआय संकेतांतही तेच सांगितलेलं आहे. टीमने कोड बदलला: डेटाबेस आहे का हे पोस्टग्रेसच्या कॅटलॉगमधून बघायचं, सीक्रेट सापडलं तर तोच पासवर्ड वापरायचा, नवा फक्त दोन्ही नसतील तर. सीक्रेट्स कॅशेतून वगळली, आता एका सीक्रेटसाठी थेट एपीआय सर्व्हरकडे एक विनंती जाते. मेमरीची मर्यादा २५६ केली, ती सगळ्यात शेवटी. मग कंट्रोलर एका टेनंटवर सुरू करून पाहिला, नंतर सगळ्यांवर.

नंतर काय बदललं, काय नाही

सीआरडी टेम्पलेट्समध्येच आहे, पण तिच्यावर हेल्मची 'कीप' ही रिसोर्स पॉलिसी लावली, म्हणजे अनइन्स्टॉल तिला सोडून देतं. ही सीआरडी कुणी थेट डिलीट करू नये म्हणून व्हॅलिडेटिंग ॲडमिशन पॉलिसी (विनंती तपासून नाकारणारा नियम) टाकली. ती कुबरनेटिस १.३० पासून स्थिर आहे आणि तपासणीसाठी वेगळी सेवा (वेबहुक) चालवावी लागत नाही. यादीच्या कॉलममध्ये डिलीशन टाइमस्टँपही दिसतो आता.

फायनलायझरवर मात्र वाद झाला. एक बाजू म्हणे, कंट्रोलरने डेटाबेस कधीच ड्रॉप करू नये. दुसरी म्हणे, मग कंट्रोलर आहे कशाला, शेवटी साफसफाई हाताने करायची तर स्क्रिप्टच बरी होती. तडजोड अशी झाली: टेनंटच्या स्पेकमध्ये (हवं ते काय, हे लिहायच्या भागात) डिलीशन पॉलिसी, मूळ किंमत 'रिटेन'. टेनंट गेला तरी डेटाबेसचं फक्त नाव बदलतं आणि लॉगिन बंद होतं. ड्रॉप हवा असेल तर आधी पॉलिसी बदलायची, तो बदल दुसऱ्या माणसाने मंजूर करायचा, मग टेनंट डिलीट करायचा. बॅकअप पुसणं कंट्रोलरकडून पूर्ण काढून घेतलं. ते आता बकेटच्या (बॅकअप साठवायच्या जागेच्या) लाइफसायकल नियमावर, म्हणजे मुदत संपली की आपोआप पुसण्यावर, आहे, आणि कंट्रोलरच्या क्रेडेन्शियलला तिथे डिलीटचा अधिकारच नाही. मला विचारलं असतं तर मी पहिल्या बाजूला गेलो असतो. दुसऱ्याच्या ठेवींचा हिशेब ठेवणाऱ्या डेटाबेसवर फोर्स ड्रॉप कुठल्याही लूपमध्ये असू नये, मंजुरी असो वा नसो.

नेमस्पेसवर ओनर रेफरन्स परत लावले नाहीत. त्यामुळे सोडून गेलेल्या संस्थांची नेमस्पेस आणि व्हॉल्यूम मागे राहतात, दर महिन्याला ती एकाला हाताने काढावी लागतात, आणि डिस्कचं बिल का वाढलं हे अकाउंट्स विभाग विचारतोच. टीमने त्यासाठी अजून एक कंट्रोलर लिहायचा प्रस्ताव आणला होता. तो लीडने सध्या बाजूला ठेवलाय.